ओल्या पाल्याचा धूर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि फार उंचावरची. घाटमाथ्यावर, जिथे बैलगाडीची वाट संपते आणि पुढे नुसती पायवाट उरते, तिथे एक लहानशी वाडी होती. बरीचशी घरं एका उतारावर, आणि मधला ओढा ओलांडला की समोरच्या उतारावर एखाददुसरं. त्या वाडीत सुभाना नावाचा एक म्हातारा एकटाच राहायचा.

उंचावर असल्यामुळे तिथली थंडी वाईट. मार्गशीर्ष लागला की गवतावरचं दंव गोठून पांढरं व्हायचं. रांजणात हात घातला तर बोटं बधिर व्हायची. म्हातारी माणसं अंगणात ऊन उतरेपर्यंत वाकळेतून बाहेर येत नसत. अशा ठिकाणी घरात धान्य जेवढं लागतं तेवढंच सरपणही लागतं. होळी झाली की माणसं रानात जायची, वठलेली झाडं तोडायची, ओंडके फोडून वैशाखाच्या उन्हात वाळत घालायची आणि पावसाच्या आधी घरापुढच्या छपरीत रचून ठेवायची. पावसाळ्यात चुलीपुरतं जाळायचं. बाकीचं सगळं राखायचं ते थंडीसाठी.

त्यामुळे ज्याच्या दारात लाकडांची रास मोठी, त्या घराला वाडीत मान मोठा. सोयरीक जुळवायला आलेली माणसंसुद्धा आधी छपरीकडे बघायची आणि मग उंबऱ्याच्या आत पाय टाकायची.

सुभानाच्या उमेदीच्या काळात त्याच्याएवढी रास कुणाचीच नसायची. ऐनाच्या झाडाचा कठीण ओंडका तो दोन-चार घावांत उभा चिरायचा. त्याची बायको सरू ती लाकडं डोक्यावरून आणायची आणि अशी नेटकी रचायची, की मधून मुंगी जायला वाट सापडू नये. वाडीत पाहुणे आले तर लोक त्यांना मुद्दाम सुभानाच्या दारावरून न्यायचे. "ही बघा आमच्या सुभानाची रास," म्हणायचे. सुभाना तेव्हा आत बसून काहीतरी काम करत असल्यासारखं दाखवायचा, पण कान त्याचे बाहेर असायचे.

मग मुलगी लग्न होऊन खाली देशावर गेली. काही वर्षांनी सरूही गेली. मुलगी निरोप धाडायची, "बाबा, इकडं या राहायला." सुभाना निरोप घेऊन येणाऱ्याला गूळपाणी द्यायचा आणि सांगायचा, "तिला म्हणावं, माझं बरं चाललंय."

बरं काय चाललं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. सरू गेल्यावर घरात बोलायलाच कुणी उरलं नाही. कधी सगळा दिवस जायचा आणि संध्याकाळी भाकरी थापताना त्याच्या ध्यानात यायचं, की आज आपल्या तोंडून एकच शब्द निघालाय, आणि तोही शेजारच्या शेळीला 'हट!' म्हणून हाकलताना.

सुरुवातीला माणसं येत असत. समोरच्या उतारावर ठकू नावाची एक विधवा बाई राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. सरू आणि ती बरोबरीनं पाण्याला जायच्या, बरोबरीनं रानात जायच्या. सरूला ती बहीण मानायची, म्हणून सुभानाला दाजी म्हणायची. सरूच्या मागं ती कितीदा तरी ओढा ओलांडून वाटीभर कालवण घेऊन आली. सुभानानं तिला दारातच उभं केलं. "कशाला उगाच त्रास घेतेस ठकू? माझं मी करतो की सगळं," असं म्हणून त्यानं वाटी रिकामी करून परत दिली. वाईट बोलला नाही. पण बस असंही म्हणाला नाही. ठकूनं यायचं हळूहळू बंद केलं. पुढं तिचे गुडघे धरले, आणि मग तर ओढाच तिला लांब झाला.

शेजारी केरबा राहायचा, बायकापोरांचा, कामसू माणूस. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी होळीनंतर तो सुभानाच्या अंगणात आला.

"आबा, यंदा तुमची लाकडं आम्ही आणतो. आम्ही रानात जाणारच आहोत, चार मोळ्या जास्त आणायच्या एवढंच."

सुभानाला ते शब्द झोंबले. "का रे? माझे हात काय गळून पडले?"

"तसं नाही आबा. पण वय..."

"माझी रास भरून झाली की तुझ्या मदतीला येतो बघ," सुभाना हसून म्हणाला.

केरबाही हसला आणि गेला. त्याच्या आदल्या वर्षीही त्यानं असंच विचारलं होतं आणि असंच उत्तर घेऊन गेला होता. पुन्हा पुन्हा कोण विचारणार?

सुभाना दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन रानात गेला. एक वठलेला ऐन त्यानं हेरून ठेवला होता. पहिले काही घाव बरे बसले. मग खांद्यात कळ आली. तो थांबला, पाणी प्याला, पुन्हा उठला. कुऱ्हाड खोडात बसली ती निघेना. दोन्ही हातांनी हिसके देऊन काढली, तेव्हा तोल जाऊन तो पाठीवर पडला. पडल्या पडल्या त्याला वर फांद्यांमधून आभाळ दिसत होतं. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. कुणीच नव्हतं. त्याला बरं वाटलं. आणि मग, कुणीच नव्हतं म्हणूनच, तो बराच वेळ तसाच पडून राहिला. उठून करायचं काय?

तो सगळा उन्हाळा तो रोज रानात गेला, आणि रोज थोडंसं घेऊन आला. फोडलेली चांगली लाकडं फार थोडी जमली. बाकी सगळ्या काटक्या, कारवीच्या वाळक्या काठ्या, झडलेल्या फांद्या. पावसाचे ढग दिसायला लागले तेव्हा त्यानं छपरीत उभं राहून आपल्या लाकडांकडे पाहिलं. सरू असती तर तिनं तोंडाला पदर लावला असता. दरवर्षीच्या मानानं छपरीचा कोपराही भरला नव्हता.

तेव्हा केरबाकडे जाऊन सांगता आलं असतं. अंगण ओलांडायचं काय ते काम होतं. सुभाना निघालाही. पण वाटेत त्याला केरबाच्या छपरीतली नवी रास दिसली. केरबाचा पोरगा वर चढून लाकडं रचत होता आणि खालून बाप सांगत होता, "नीट रच रे, सुभानाआबांसारखी!"

सुभाना तिथूनच मागं फिरला.

त्या दिवशी त्यानं छपरीच्या आत, मागच्या बाजूला, दगड आणून मांडले. त्यावर कारवीच्या काठ्या आडव्यातिडव्या टाकल्या, फांद्या कोंबल्या. आणि जेवढी म्हणून फोडलेली चांगली लाकडं होती, ती सगळी पुढच्या अंगाला एकावर एक अशी रचली, की वाटेवरून जाणाऱ्याला छपरी जमिनीपासून आढ्यापर्यंत गच्च भरलेली दिसावी. रचताना खांदा भरून आला, पण तो थांबला नाही. काम झाल्यावर वाटेवर जाऊन त्यानं स्वतः पाहून घेतलं. रास दरवर्षीसारखीच दिसत होती.

"या वयात बघा आबांची रास!" येणारेजाणारे म्हणू लागले. "आमच्यानं नाही होत बाबा." सुभाना नुसती मान हलवायचा. ते लोक पुढं गेले की मात्र त्याला घरात जावंसं वाटायचं नाही.

पाऊस आला, गेला. दिवाळी झाली. गवत वाळलं आणि थंडी उतरली.

सुभाना मागच्या बाजूनं काटक्या काढून जाळायचा. काटक्यांचं काय असतं, भसकन पेटतात आणि भाकरी पुरती भाजून होईपर्यंत विझतात. निखारा म्हणून राहत नाही. पुढच्या लाकडांतलं एखादं काढावं असं रोज मनात यायचं. पण एक काढलं तर मागचा पोकळपणा दिसेल, मागच्या काठ्या दिसतील, दगड दिसतील. 'पौषात काढू,' तो म्हणायचा. पौष लागला. 'अजून जरा कळ काढू,' म्हणायचा. अशी कोरडी, चांगली, ऐनाची लाकडं दाराशी असताना सुभाना चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसायचा. दिवसातून एकदाच चूल पेटवायची, त्यातच दोन्ही वेळचं करून ठेवायचं आणि संध्याकाळची भाकरी गार खायची, असं त्यानं ठरवून टाकलं.

पण एक अडचण होती. वाडीत सकाळी प्रत्येक घरातून धूर निघायचा. ज्या घरातून निघाला नाही तिथं कुणीतरी डोकावायला जाणारच. म्हणून सुभानानं एक युक्ती काढली. सकाळी उठायचं, मूठभर काटक्या पेटवायच्या आणि त्यावर दंवानं भिजलेला ओला पाला टाकायचा. पाला जळत नाही, नुसता धुमसतो. दाट पांढरा धूर कौलांतून बाहेर पडतो. बघणाऱ्याला वाटतं, आत मोठा जाळ आहे. आत मात्र ऊब नाही, काही नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आणि छातीत खोकला.

असा धूर काढून सुभाना उन्हात दारात येऊन बसायचा. समोर ओढ्यापलीकडे ठकूचं घर दिसायचं. तिच्याही कौलांतून धूर निघत असायचा, चांगला भरघोस. पहिल्यांदा तो बघून सुभानाला बरं वाटायचं. चला, म्हातारीचं ठीक आहे. मग जसजशी थंडी वाढली, तसतसा त्याला त्या धुराचा थोडा हेवा वाटायला लागला. तिच्या घरात कशी ऊब असेल, चुलीवर आधण ठेवलं असेल, मांजर वैलापाशी झोपलं असेल. आणि त्याहून थंडी वाढली तेव्हा त्याला तिचा रागही येऊ लागला. स्वतः ऊबेत बसलीय, तिला काय कुणाची आठवण येणार? सरू होती तोवर रोज यायची.

आपणच तिला दारात उभं केलं होतं, हे त्याला आठवायचं. पण थंडीत राग धरून बसायलाही बरं वाटतं माणसाला.

पौषातली एक सकाळ अशी होती की वारा अजिबात नव्हता. वाडीतल्या घरांचे धूर सरळ वर चालले होते. सुभानानं रोजच्यासारखा पाला टाकला. त्या दिवशी पाला फारच ओला होता. धूर घरातच कोंडला आणि सुभाना खोकत, डोळे चोळत, धडपडत बाहेर आला. ओट्याचा खांब धरून त्यानं श्वास घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मान वर केली, तर समोर ठकूच्या घराचा धूर दिसला.

त्यानं केरबाच्या घराकडे पाहिलं. केरबाच्या कौलांतून निघणारा धूर पातळ होता, निळसर, आणि काठीसारखा सरळ वर जात होता. कोरड्या लाकडाचा धूर असाच असतो. ठकूच्या घरावरचा धूर दाट, पांढरा होता, कौलांवरच लोळत होता, उतारावरून खाली ओढ्याकडे सांडत होता. आणि बघता बघता तो बंद झाला. एवढा मोठा जाळ असता तर इतक्या लवकर विझला असता का?

सुभानानं मागं वळून आपल्या कौलांकडे पाहिलं. तिथंही तसलाच धूर लोळत होता.

 इतके दिवस तो समोर बसून हे बघत होता. हेवा करत होता, रागावत होता. आणि ओळखलं नव्हतं. वाडीत दुसऱ्या कुणाला हा धूर ओळखता आला नसता, कारण दुसरं कुणी तो काढत नव्हतं. पण त्याला?

तो ओट्यावर बसला. आता जायला हवं. पण काय म्हणून जायचं? ठकू विचारणार, 'दाजी, तुम्हाला कसं कळलं?' मग काय सांगायचं? आणि रिकाम्या हातानं जाऊन उपयोग काय? लाकडं न्यायची तर नेण्यासारखी एवढीच होती. पुढची. ती काढली की भर सकाळी, सगळ्या वाडीदेखत, रास उघडी पडणार.

केरबाला सांगून धाडावं का? 'जरा ठकूकडे बघून ये रे,' एवढं म्हटलं तरी झालं. आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील. सुभानानं हाही विचार केला, खोटं कशाला सांगायचं. बराच वेळ केला. पण तेवढ्यात त्याला वाटलं, केरबा जाईल, ती दारातूनच म्हणेल, 'माझं बरं चाललंय बाबा,' आणि केरबा परत येईल. तो स्वतः असंच तर करत आला होता. माणसाला परत कसं धाडायचं, ते त्याला चांगलं माहीत होतं.

सुभाना उठला. छपरीपाशी गेला आणि वरच्या थरातलं पहिलं लाकूड त्यानं ओढलं. मग दुसरं. रचलेलं ते, एक निघालं की बाकीची सैल होतात. थोड्याच वेळात पुढची सगळी भिंत घडघड आवाज करत अंगणात कोसळली आणि आतून कारवीच्या काठ्या, फांद्या, दगड सगळं उघडं पडलं.

आवाज ऐकून केरबाच्या घरातली माणसं बाहेर आली. वाटेनं पाण्याला चाललेल्या बायका थांबल्या.  सुभानानं कुणाकडे पाहिलं नाही. त्यानं लाकडांची मोळी बांधली, खांद्यावर घेतली आणि ओढ्याकडे चालू लागला.

मोळी त्याला जड झाली. ओढा उतरतानाच पाय थरथरायला लागले. पाणी थोडंच होतं, पण बर्फासारखं गार. पलीकडची चढण समोर आली तेव्हा त्याला कळून चुकलं, की एवढं ओझं वर जाणार नाही. त्यानं मोळी सोडली. अर्धी लाकडं तिथंच धोंड्यावर ठेवली, अर्धी पुन्हा बांधली. दर थोड्या वेळानं बसत, उठत तो ठकूच्या दाराशी पोचला.

"ठकू!" त्यानं हाक मारली. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही, इतका तो घोगरा निघाला.

आतून ओ आली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. सुभाना आत गेला. चूल गार होती. दाराजवळ एका फुटक्या घमेल्यात ओला पाला धुमसून विझला होता. भिंतीकडेला दोन वाकळा पांघरून ठकू पडली होती. अंगात हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. त्याला पाहून ती उठायला लागली, पण तिला उठवेना.

"दाजी? तुम्ही कसे आलात? बसा की. मी आत्ताच चूल विझवली, आत्ताच..."

"पडून राहा," सुभाना म्हणाला.

त्यानं चुलीत लाकडं घातली. ढलप्या काढल्या, फुंकून फुंकून जाळ केला. ऐनाचं कोरडं लाकूड ते, जरा धरलं आणि चांगलं पेटलं. त्यानं ठकूला वाकळांसकट चुलीपाशी सरकवलं. पातेल्यात पाणी ठेवलं. घरात शोधून सुंठ टाकली. ते पाणी कढत कढत प्यायल्यावर ठकूला थोडी तरतरी आली. मग तिनं तो प्रश्न विचारला.

"दाजी, माझ्या घरातनं धूर तर रोज निघतोय. तुम्हाला कसं कळलं?"

सुभाना जाळाकडे बघत होता. खोटं सांगायला अजूनही जागा होती. सहज आलो, म्हणता आलं असतं.

"माझ्याबी घरातनं तसलाच निघतोय, ठकू," तो म्हणाला.

ठकू त्याच्याकडे बघत राहिली. "थट्टा करता काय? तुमच्या दारात एवढी रास आहे. मला इथनं रोज दिसते."

"ती नुसती पुढूनच होती. मागं दगड आहेत."

 मग ठकूनं पदरानं डोळे पुसले.

"गुडघ्यांमुळं मला यंदा रानात जाता आलं नाही," ती म्हणाली. "काटक्या वेचल्या तेवढ्याच. मनात यायचं, हाक मारावी कुणाला तरी. आणि मग समोर तुमची रास दिसायची. मी म्हणायची, दाजी माझ्याहून मोठे. एकटे आहेत, बाईमाणूस नाही घरात, तरी बघा कसं सगळं केलंय. आणि मी हात पसरू? मला लाज वाटायची दाजी. तुमची रास बघूनच मी पाला जाळायला लागले."

सुभानाला वाटलं होतं, आपण झाकलं ते आपल्यापुरतं झाकलं. आपली भूक, आपली थंडी, त्यात दुसऱ्याचं काय गेलं? आणि इथं ही बाई त्याच्या त्या खोट्या राशीकडे बघत बघत मरायला टेकली होती.  त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

दारात पावलं वाजली. केरबा आला होता. सुभानानं ओढ्याकाठी ठेवलेली अर्धी मोळी त्याच्या खांद्यावर होती. ती खाली टाकून तो दाराशीच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि वाईटही वाटत होतं त्याला.

"आबा, रास ढासळली तुमची."

"ढासळली नाही. मीच पाडली."

"मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा विचारलं होतं."

"विचारलं होतंस," सुभाना म्हणाला. मग तो थांबला. पुढचे शब्द त्यानं आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते. ऐनाचा ओंडका चिरायला लागायचा त्याहून जास्त जोर त्याला ते बाहेर काढायला लागला. "केरबा, आम्हा दोघांकडे लाकडं नाहीत. थंडी काढायला लागतील. देशील का?"

केरबानं मान खाली घातली. खाली बसला, पायातला काटा काढत असल्यासारखं करत राहिला. मग उठून म्हणाला, "सांगायचं होतं की ओ आबा," आणि भराभरा उतरून गेला.

दुपारपर्यंत वाडीतून मोळ्या यायला लागल्या. कुणी सुभानाच्या छपरीत टाकल्या, कुणी ठकूच्या दारात. काही जण हसले, नाही असं नाही. दगडांची रास म्हणून पोरांनी सुभानाला काही दिवस चिडवलंसुद्धा. एका म्हाताऱ्यानं मात्र मोळी आणली नाही. तो नुसताच आला, ठकूच्या चुलीपाशी हात शेकत बसला आणि जाताना खाली मान घालून म्हणाला, "माझ्याकडेही फार नाहीत." त्यालाही लाकडं मिळाली.

लोकांनी दिली तरी ती सगळ्यांची थंडीचीच लाकडं होती, ती उधळून चालणार नव्हती. म्हणून सुभाना आणि ठकू यांनी ठरवलं, की दिवसा दोन घरांत दोन चुली पेटवायच्या नाहीत. ठकूच्यानं ओढा ओलांडवत नव्हता, म्हणून सुभानाच ऊन चढलं की काठी टेकत तिच्याकडे जायचा. एकाच चुलीवर दोघांचं शिजायचं. ती भाकरी करायची, तो जाळ सारायचा. बोलणं फार नसायचं. कधी सरूचा विषय निघायचा. सरू रानात कुठलं गाणं म्हणायची, कुठल्या वळणावर दम खायला बसायची, हे सुभानाला ठाऊकच नव्हतं; ते ठकूनं सांगितलं. इतकी वर्षं बरोबर राहिलेल्या बायकोबद्दल त्याला म्हातारपणी नवं काहीतरी कळत होतं. त्यानं बरंही वाटायचं आणि वाईटही.

उन्हं कलली की तो मडक्यात निखारे घेऊन आपल्या घरी निघायचा. घर तसंच होतं, रिकामं. लाकडं आली म्हणून तिथं कुणी माणूस येऊन बसलं नव्हतं. दार उघडलं की आतून तोच गारठा अंगावर यायचा, आणि सरूची जागा अजून सरूचीच होती. ते काही लाकडांनी भरून येण्यासारखं नव्हतं.

पण एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. ओढा उतरून, चढण चढून तो आपल्या अंगणात पोचायच्या सुमाराला पलीकडून ठकूची हाक यायची. दारात उभी राहून, तोंडाशी हात धरून ती ओरडायची, "दाजी, पोचलात का?"

"पोचलो!" सुभाना इकडून ओरडायचा. मग पलीकडे दार लागल्याचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी ती हाक आली आणि सुभाना अंगणात उभा असूनही गप्प राहिला. आपल्याला कुणी पुन्हा हाक मारतं का ते ऐकत, निखाऱ्यांचं मडकं हातात धरून तो तसाच उभा राहिला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठ्यानं, काळजीनं भरलेली.

"अहो दाजी! पोचलात का हो?"

"पोचलो गं!" म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं, आणि आत जाऊन दिवा लावला.

तात्पर्य काढायचं तर एवढंच, की अंगातली ताकद सरली म्हणजे कमीपणा येत नाही, ती सरली हे सांगता आलं पाहिजे. आपल्याला कशाचीच उणीव नाही असं जो दाखवत राहतो, तो स्वतः तर थंडीत बसतोच, पण त्याच्याकडे बघून दुसराही कुणाला हाक मारायचा राहतो.